बुजवलेली प्रत्येक खिडकी करापायी नसते

लंडनच्या जॉर्जियन (म्हणजे साधारण अठराव्या शतकातल्या) घरांतल्या बुजवलेल्या खिडक्या म्हणजे कर चुकवायची युक्ती, असं सर्रास म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे ते. खिडक्यांवरचा कर १६९६ ते १८५१ होता, लोकांनी खिडक्या बुजवल्याही. पण दर्शनी भाग तोलात दिसावा म्हणून मुळातच खिडकीच्या आकाराचे आंधळे कोनाडेही बांधत. आत जिना किंवा धुराडं असेल तर खिडकी काढणार कुठे?

बाकी माझं सगळं लक्ष दाराकडे. १७७५ नंतर बांधलेल्या बेडफर्ड स्क्वेअर या लंडनच्याच चौकात दारांच्या कमानींवर दाढीवाले चेहरे आहेत. दगडात कोरल्यासारखे वाटतात, पण आहेत भाजलेल्या मातीचे! कोड स्टोन म्हणतात त्याला. साच्यातून काढलेले, म्हणून तोच दढियल दारोदार भेटतो.