एकच बिल्डर गल्लीतील घरे एकेक करून घेत आहे; आमच्या सामाईक घराचे काय?

प्रश्न (वडगाव, बेळगाव)
आमच्या गल्लीत दिवाळीपासून एक बिल्डर घरे विकत घेत आहे. भाव कोणालाच उघड सांगितला जात नाही. मध्यस्थ रात्री जेवणानंतर येतो आणि ‘शेजारी तयार झाले, आता तुम्हीच राहिलात’ असे प्रत्येक दारी सांगतो. आमच्या वडिलोपार्जित घराच्या सिटी सर्व्हे उताऱ्यावर वडिलांसह तिन्ही भावांची नावे आहेत. त्यांपैकी पुण्याच्या काकांनी इसार घेतल्याचे समजते. आम्ही विकण्यास तयार नसताना बिल्डर घरात शिरू शकेल का?

प्रतिसाद (शहापूर, निवृत्त दस्तलेखक)
इसार घेतल्याने मालकी जात नाही आणि काकांनी खरेदीखत करून दिले, तरी बिल्डरला फक्त त्यांचा अविभक्त हिस्सा मिळतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला, तर त्याला सामाईक ताबा मागता येत नाही. त्याला वाटणीचा दावाच लावावा लागेल, आणि तो लावल्यास 1893 च्या वाटणी कायद्याच्या कलम 4 खाली न्यायालयाने ठरविलेल्या किमतीत तो हिस्सा तुम्हालाच घेता येईल. मध्यस्थ हे सांगणार नाही. उपनिबंधक कार्यालयातून ईसी, म्हणजे मिळकतीवरील नोंदणीकृत व्यवहारांचा दाखला काढा, म्हणजे नोंदणी झालेला दस्त कळेल. आत्या असतील तर त्यांचा हक्कही तपासून घ्या. उताऱ्यावर नाव नाही म्हणून हिस्सा नाही, असे होत नाही.

प्रतिसाद (अनगोळ)
मी घर विकले आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. विकणाऱ्याला सगळे नावे ठेवतात, पण माझ्या माडीचे कुजलेले वासे बदलायला गल्लीतले कोणी आले नव्हते. मात्र करार कन्नडमध्ये होता. कन्नड वाचणाऱ्या पुतण्याकडून तो ओळ न ओळ वाचून घेतला, तेव्हा घराचा ताबा आधी आणि शेवटचा हप्ता नंतर, असा ठरल्याच्या उलट क्रम लिहिलेला आढळला. तो बदलून घेतल्यावरच सही केली. मोबदल्यात फ्लॅट देऊ केल्यास रेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखालील नोंदणी विचारा. जागा 500 चौरस मीटरपेक्षा किंवा फ्लॅट 8 पेक्षा अधिक नसतील तर ती सक्तीची नसते, त्यामुळे लहान तुकड्यांवर इमारती उठवणाऱ्याला तिच्याबाहेर राहता येते.

प्रतिसाद (वडगाव, भाडेकरू विणकर)
मालकांचे हिशोब झाले, आमचे कोण करणार? भाड्याच्या घराच्या पुढच्या सोप्यात माझे दोन माग चालतात. फ्लॅटमध्ये खडखडाट कोण सोसेल, आणि वरच्या मजल्यावर माग चढवायचा तरी कसा? घर विकले की माझ्या घरातील बायका ज्या कांड्या भरतात, ते कामही थांबते. घरे विकू नका असे मी म्हणत नाही, कारण तो माझा अधिकार नाही. पण पंच कमिटीने सर्व मालकांना एकदा देवळात बोलवावे, बिल्डरला तिथेच प्रत्येक घराचा भाव सांगायला लावावा आणि भाडेकरूंना किती मुदत मिळणार, हेही त्याच बैठकीत लिहून घ्यावे.