मिरजेत बघायला काय आहे?

महाराष्ट्रातल्या पर्यटनाच्या गप्पांत तीर्थयात्रा, गडकोट, थंड हवा, कासची फुलं असे प्रकार येऊन गेलेच आहेत. पण त्यात कुणीतरी विचारलेला "मिरजेत बघायला आहे काय?" हा प्रश्न वाचून राहवलं नाही. मिरजेला लोक बघायला कमी आणि ऐकायला, बरं व्हायला जास्त येतात.

तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या दुकानात जरा निवांत बसून बघा. वाद्यांसाठी पंढरपूरकडचे वाळवलेले मोठाले भोपळे रचलेले असतात. कारागीर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढत असतो: घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानशीने किंचित घासायची, तारेखाली सुती दोरा सरकवायचा, तार छेडायची, पुन्हा घासायचं. दोरा केसभर हलला की बोदा आवाज एकदम खुलतो. सगळा हिशेब कानाचा! म्हणूनच गाणारे-वाजवणारे लांबून स्वतः येतात, वाद्य पारखून नेतात. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रास्तच झालं.

सूफी संत मीरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मैफली होतात. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबरही तिथेच आहे. तिथे हजेरी लावणं ही गायकांची वारीच आहे.

दुसरा प्रकार उपचारांचा. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून उत्तर कर्नाटकातली माणसं पेशंट घेऊन मिरजेला येतात. वैद्यकीय पर्यटन म्हणताना आपण फक्त परदेशी पाहुणे मोजतो, हे मला पटत नाही. लॉजवर मुक्काम करून डबा पोचवणारे नातेवाईकही त्यात धरायला हवेत.

उरुसाला येणार असाल तर राहायची सोय आधी करून ठेवा.