कार्बन फ्रेम: आधी मापं जुळतात का पाहा

माउंटन बाइकची (डोंगरवाटांच्या सायकलची) अॅल्युमिनियमची फ्रेम बदलून कार्बन फायबरची घ्यावी का, असा प्रश्न आहे. फक्त वजनासाठी असेल तर घाई नको. फरक साधारण अर्धा ते पाऊण किलोचा. हलके टायर आणि ट्यूबलेस केल्यावर चढावर त्याहून जास्त जाणवतं, खर्चही कमी.

तरी घ्यायचीच असेल तर खरी गोम जुन्या पार्टांत असते, ते नव्या फ्रेमला बसायला हवेत. मागचं हब (चाकाचा मधला भाग) १४२ की १४८ मिमी रुंद, सीटपोस्ट (सीटखालची दांडी) ३०.९ की ३१.६ मिमी जाड, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या अक्षाचं बेअरिंग) आट्यांचा की प्रेसफिट, म्हणजे दाबून बसवलेला, मागच्या शॉकची (धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनची) लांबी आणि स्ट्रोक, म्हणजे तो किती दबतो. एक चुकलं की बजेट कोलमडतं.

सीटपोस्टला ग्रीस नको, कार्बन पेस्ट (पकड वाढवणारी) लावा. सीटपोस्टचा क्लॅम्प टॉर्क रेंचनेच (किती जोर लागतो ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळा, फ्रेमवर छापलेल्या आकड्यापर्यंत. सेकंडहँड असेल तर डाउनट्यूब (हँडलकडून पॅडलकडे उतरणारी नळी) नाण्याने वाजवून बघा, मध्येच बद्द आवाज आला की सोडून द्या.