अनुभव धागा: खिशातला नवा चाकू, आणि त्याने पहिलं काय कापलंत?

रामबागकर

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या लग्नात आहेराच्या खोक्याची चिकटपट्टी निघेना. कात्री कुणाकडे नाही, म्हणून कुणीतरी सहज विचारलं की चाकू आहे का कुणाकडे, तर तीन पुरुषांचे हात खिशात आणि एका आत्याचा पर्समध्ये! मी इतकी वर्षं समजत होतो की अख्ख्या इंदूरात हे वेड मला एकट्यालाच आहे. तर म्हटलं धागाच काढू. शेवटचा चाकू कोणता घेतला, का घेतला आणि त्याने पहिलं काय कापलं, एवढं लिहा. कपाटात ठेवायला घेतला असेल तर तसं कबूल करा, इथे कुणी हसणार नाही (थोडं हसू).

माझ्यापासून सुरू. ओपिनेल, आठ नंबर, कार्बन स्टीलचा. साडेआठ सेंटीमीटरचं पातं, बीचच्या लाकडाची गोल मूठ, मानेशी फिरणारी एक रिंग, ती फिरवली की पातं बोटावर मिटत नाही, बास, यापलीकडे त्यात काहीच नाही आणि त्यासाठीच घेतला. फ्रान्सच्या डोंगराळ भागातली ही कंपनी १८९० पासून साधारण हाच चाकू बनवतेय, रिंग तेवढी १९५५ ची.

पहिलं कापलं काय, तर कैरी. तिखटमीठ लावून खाल्ली, गप्पा झाल्या, आणि बघतो तर नवंकोरं पातं निळं-काळं! आई म्हणाली, "नवीन आणलास ना रे, मग हा जुना का दिला त्याने?" आता तिला पॅटिना, म्हणजे पोलादावर आपोआप चढणारा हा काळपट थर, कसा समजवायचा? म्हटलं, आजीच्या विळीचं पातं कसं होतं, काळंच ना? त्यावर ती म्हणे, "काळं होतं, पण आजी ती पुसून ठेवायची." ते खरंय. काळा डाग वेगळा आणि तांबडा गंज वेगळा. काळा राहू द्यायचा, तो उलट पात्याला सांभाळतो, तांबडा दिसला की लगेच घासायचा. आंबट कापून तसाच मिटून ठेवला तर सकाळी तांबडा दिसणारच. आता वापरून झाला की धोतराच्या फडक्याने पुसतो आणि खोबरेलाचं एक बोट फिरवतो.

अजून एक, पावसाळ्यात हा खिशात घेऊन फिरू नका. पाताळपाणीच्या धबधब्याला गेलो तेव्हा भिजला, लाकूड फुगलं आणि पातं उघडेचना, नखं तुटायची पाळी. मग मुठीचं मागचं टोक दगडावर ठोकलं तसं पातं जरासं वर आलं आणि चिमटीत धरून ओढता आलं. मला वाटलं मीच शोध लावला, नंतर कळलं की तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या असंच ठोकतात.

पर्सवाली आत्या

ती आत्या मीच.

माझा व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा सगळ्यात लहान, क्लासिक, मिटलेला ५८ मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढा. छोटं पातं, कात्री, नखं घासायची कानस, मुठीत लपवलेला चिमटा आणि टूथपिक. चाकू म्हणून घेतलाच नाही, कात्रीसाठी घेतला. दुधाची पिशवी, गोळ्यांची पट्टी, ब्लाउजचा सुटलेला दोरा, दिवसातून दहा वेळा लागते. पहिलं काय कापलं म्हणाल तर ज्या पाकिटातून आला तेच.

खरं तर हा दुसरा. पहिला पर्सच्या तळाशी होता, पुण्याला जाताना विमानतळावर मशीनमध्ये दिसला. तिथल्या मुलीने फार अदबीने सांगितलं की मॅडम, हा केबिनमध्ये नाही जाणार. बॅग तर आधीच चेक-इन करून मोकळी झालेली. एवढासा जीव तो, त्या डब्यात टाकताना कसंसंच झालं, लोकांच्या नेलकटरांत आणि लायटरांत पडला बिचारा. आता स्कूटीच्या किल्लीला लावलाय, पर्समध्ये नाहीच ठेवत.

आणि चिमट्याला हसू नका कुणी. भाच्याच्या तळव्यात बोरीचा काटा मोडला होता, सुईने काढू देत नव्हता, याने दोन मिनिटांत निघाला.

तिसऱ्या सेमचा

बजेट कमी म्हणून चायनीज घेतला. डी-टू स्टील, लायनर लॉक, बेअरिंगवर उघडतो, एकदम स्मूथ, रात्री अभ्यास करताना उघडमीट उघडमीट करत बसायचो, रूममेट वैतागला. डी-टूमध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे स्टेनलेस होता होता राहिलेलं स्टील, धार भरपूर दिवस टिकते पण एकदा गेली की परत लावताना घाम काढते.

पहिलं काय कापलं? अंगठा. लायनर लॉकमध्ये मिटायच्या वेळी आतली पट्टी अंगठ्याने बाजूला सारावी लागते, आणि तो अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो, पट्टी सरली की अंगठा आधी काढायचा आणि मग मिटायचं. हे मला तीन टाके पडल्यावर कळलं.

दुसरा पराक्रम असा की सुट्टीत घरी गेलो, धार गेली होती, दगड नव्हता, तर देवघरातली सहाण दिसली. छान सपाट, बारीक खरखरीत. पुढचं सांगत नाही. आजी अजून गंधाची वाटी माझ्यापासून लांब ठेवते.

जुना गडी

अरे पोरा, सहाणेला हात कशाला लावलास! चहाचा कप पालथा घाल, बुडाला जी चकाकी नसलेली खरखरीत कड असते ना, त्यावर पातं हलक्या हाताने फिरव, उतरलेली धार जागेवर येते. बोथटच झाला असेल तर मात्र दगड लागणार, हजार ग्रिटचा (म्हणजे मध्यम बारीक) एक पुरे. कोन दोन्ही बाजूंनी साधारण वीस अंश धर आणि तोच शेवटपर्यंत धर, मुख्य गोष्ट ती आहे, दगड किती महागाचा ते नाही. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर पाठीकडून ओढायचा, धारेकडून नाही, नाहीतर पट्टा कापशील. आमच्या गल्लीत सायकलवर चाक घेऊन धारवाला यायचा, त्याला खिशातला चाकू कधी दिला नाही मी. ठिणग्या बघायला मजा यायची, पण त्या पात्यातनंच निघतात ना.

राजवाड्याजवळचा

माझी खरेदी म्हणजे फसवणूक. रस्त्यावर पथारीवर लाल मूठ, पांढरा क्रॉस, अकरा पाती, भाव ऐकून वाटलं लॉटरी लागली. विकणारा म्हणे, "भिया, मिलिट्री का माल है." घरी येऊन पहिलंच काम काढलं, गराडू (तळून खायचा कंद) सोलायला. हिवाळा होता, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत मिळतात तसे तळायचा बेत होता. पहिल्याच गराडूत पातं डुगडुगायला लागलं, दुसऱ्यात क्रॉस गळून पडला, क्रॉस चिकटवलेला होता हो! गराडू शेवटी बायकोने सोलाणीने सोलले.

मग रीतसर दुकानातनं खरा घेतला, व्हिक्टोरिनॉक्सचा स्पार्टन, ९१ मिलिमीटर. आता खरा-खोटा हात लावून ओळखता येतो. पात्याच्या बुडाशी नाव कोरलेलं असतं, उघडताना आणि मिटताना टक्क असा एकच कोरडा आवाज येतो, आणि पाती एकमेकांना घासत नाहीत. सगळे याला मिलिट्रीचा म्हणतात, पण सैनिकांना १८९१ मध्ये दिला गेलेला स्विस चाकू लाल नव्हताच, गडद लाकडी मुठीचा होता, आणि त्यातला पेचकस रायफल खोलायला होता. आपण खिशात ठेवतो तो त्याचा हलका धाकटा भाऊ, ऑफिसरचा चाकू, १८९७ चा. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराचा. आई गेल्यावर १९०९ मध्ये त्याने तिचं नाव, व्हिक्टोरिया, मालाला दिलं, आणि १९२१ मध्ये स्टेनलेसचं इनॉक्स त्याला जोडलं गेलं. म्हणजे एवढ्या पराक्रमी चाकूच्या नावात आई बसलीय.

स्पार्टनला बूच काढायचा स्क्रू येतो. आमच्याकडे बूच उघडायचे प्रसंग येत नाहीत (येतात, पण घरी सांगत नाही), पण सुतळीची घट्ट गाठ सोडवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. नाड्याची सुद्धा.

लष्करवाला

मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागातला, इंदूर ही सासुरवाडी, म्हणून घुसतोय. माझा व्हिक्टोरिनॉक्सचाच फार्मर, ॲल्युमिनियमच्या खवलेदार मुठीचा, त्यात करवत आहे. टूथपिक नाही, चिमटा नाही, नकोच होते. पहिलं काय कापलं तर सासऱ्यांच्या अंगणातल्या शेवग्याची वाकलेली फांदी, मनगटाएवढी, एवढीशी करवत बघून सासरे हसत होते, फांदी पडल्यावर म्हणाले, "बघू जरा." मी द्यायला हात पुढे केला तर सासूबाई ओरडल्या, "हातात देऊ नका, खाली ठेवा, भांडणं होतात!" ठेवला खाली. सासऱ्यांनी उचलला आणि चाकू अजून त्यांच्याकडेच आहे. सासूबाईंनी मला एक रुपया दिला, म्हणजे विकत घेतल्यासारखं झालं म्हणे. एक रुपयात फार्मर गेला.

सासू-जावई प्रकरण वाचून आलेली

मला एक विचारायचंय, हे सगळं खिशात बाळगणं कायद्यात बसतं का? नवऱ्याला चाकूंचं वेड आहे आणि मला काळजीचं.

काळा कोट

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात, घरकामाची, शेतीची, कारागिरीची अवजारं सोडून. वर आलेला एकही चाकू त्याच्या जवळपास नाही. पण सणावाराला, निवडणुकीला शहरात प्रतिबंधात्मक आदेश निघतात, त्यातला मजकूर वाचावा. मिरवणुकीत, कोर्टात, शाळेत तर नेऊच नये. आणि पोलिसाने विचारलं तर "सफरचंद कापायला" म्हणावं, "सेल्फ डिफेन्स" म्हणू नये. माझ्याकडे असा एक शहाणा आला होता.

नैनितालहून परतलेला

नैनितालला जाताना वाटेत रामपूर लागलं. चौकात २० फुटी चाकू उभा केलाय, २०२३ मध्ये, फोटो काढलाच पाहिजे असला प्रकार. अस्सल रामपुरी उघडताना कट-कट-कट असा दातांवरून सरकल्याचा आवाज येतो, तेवढ्यासाठी घ्यावासा वाटत होता. पण सौ. गाडीतून बघत होती. फळं कापायचा छोटा घेऊन आलो, पितळी मुठीचा. पहिलं कापलं तिथलेच पेरू, गाडीच्या बॉनेटवर. लॉक वगैरे काही नाही, टोकाने दाबलं तर बोटावरच मिटेल, म्हणून टोकाने काही करतच नाही. तुमच्या स्टीलच्या नावांतलं मला काही कळत नाही, पण पेरू झकास कापला गेला.

खंडेनवमीला स्क्रूड्रायव्हर-पान्यांच्या शेजारी झेंडू वाहून ठेवला होता. पोरगी म्हणे, बाबा, हा तर फळांचा आहे, हा शस्त्र कसा? तिला म्हटलं पुस्तकं पण नाही का ठेवत दसऱ्याला.

तिसऱ्या सेमचा

काका, कपाची आयडिया चालली!! हॉस्टेलचा कप पालथा घातला आणि कागद सरळ कापला गेला. आता मेसमधले सगळे सुऱ्या घेऊन माझ्या खोलीत येतायत.

रामबागकर

एवढे दर्दी गावात निघतील वाटलं नव्हतं. आत्या, ते लग्नातलं खोकं शेवटी कुणी उघडलं? मला आठवतच नाहीये.

पर्सवाली आत्या

तुम्ही तिघं एकमेकांचे चाकू उघडून बघत बसलात आणि मी माझा दाखवत बसले. खोकं पोरांनी दातांनी फाडलं.