तटावर तट?

नवी पेठ: क्रोएशियातल्या दुब्रॉव्निक या जुन्या बंदराच्या तटबंदीवरचा मजकूर मराठीत करतोय. समुद्राकडची भिंत किनाऱ्याच्या खडकावरूनच उठते, एवढंच सांगायचंय. लिहिलं तर ‘तटावर तट’ होतंय. आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला ही अडचण नाही, तिथे सिद्धेश्वर तळ्याला काठ आहे आणि किल्ल्याला तट. काय वापरू?

भुईकोट: किनारा, तीर, काठ एवढे शब्द असताना तट भिंतीसाठीच राखा. संस्कृतातल्या ‘वप्र’चंही असंच आहे, नदीचा उंच काठही वप्र आणि मातीचा बांधही वप्र. कौटिल्य सांगतो, खंदकाच्याच मातीचा वप्र करावा. खंदकापासून ४ दंड (लांबीचं जुनं माप) आत, ६ दंड उंच, त्याच्या दुप्पट रुंद, हत्ती-बैलांकडून तुडवून घेतलेला. प्राकार, म्हणजे भिंत, त्याच्यावर. बांध वेगळा, भिंत वेगळी. आपण दोन्हींना तट म्हणून मोकळे झालो.

बाळीवेस: प्राकार कोण बोलतं? इथे उर्दूत फसील, कन्नडात कोटे, मराठीत कोट. मुंबईची तटबंदी १८६०च्या दशकात पाडली, तरी त्या भागाला अजून कोटच म्हणतात. कोट लिहा.

भुईकोट: ‘कोट पडला’ म्हणजे भिंत ढासळली की किल्ला शत्रूच्या हाती गेला?

नवी पेठ: पुढे आकडे आहेत. लांबी १९४० मीटर. जमिनीकडे ४ ते ६ मीटर, समुद्राकडे १.५ ते ३, कारण तोफांची भीती जमिनीकडून जास्त. इथे जाडी म्हणू की रुंदी?

हत्तरसंग: आसार. गवंड्यांचा शब्द आहे. अशा भिंतीला दोन्ही तोंडं घडीव दगडाची, मध्ये दगडगोटे आणि चुन्याचा भराव. फांजीवरचं, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरचं, पाणी सांध्यांतून आत मुरलं की चुना धुपतो, भराव खाली बसतो आणि बाहेरचं तोंड पोट काढतं. वरून सिमेंट थापलं तर ओल आत कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात. खाऱ्या हवेत तर फारच.

भुईकोट: आसार अरबी. जाडी पुरेशी आहे.

हत्तरसंग: मग बुरूजही अरबीच, तो काढणार का? फांजी मात्र सोडू नका, ‘तटावरची गच्ची’ वाचवत नाही.

नवी पेठ: फांजीच्या बाहेरच्या कडेला चर्या, ना?

हत्तरसंग: वरच्या पाकळ्या त्या चर्या. मारा करायची भोकं त्या जंग्या. खालची सलग, छातीएवढी भिंत वेगळी.

बाळीवेस: तिला कठडा म्हणा.

भुईकोट: कठडा पुलाला, गॅलरीला. गोळी अडवणाऱ्या भिंतीला कठडा कसं म्हणायचं?