मदत हवी आहे: रोलर ब्लाइंड वर घेताना एका बाजूला पळतोय (तातडीचं)

खिडकीतली_चिमणी
हॉलच्या खिडकीला रोलर ब्लाइंड (वरच्या ट्यूबवर गुंडाळला जाणारा पडदा) लावलाय. खाली सोडला की छान दिसतो, वर घ्यायला लागलं की कापड डावीकडे सरकत जातं आणि शेवटच्या दोन-तीन वेढ्यांना ब्रॅकेटला घासतं. कडेचे धागे निघायला लागलेत. सगळं सूचनापत्रकाप्रमाणेच केलंय. दोनदा काढून परत बसवला, फरक शून्य. आज संपवायचंय. नेमकं काय करायचं तेवढं सांगा. "नवीन घ्या" हे उत्तर नको.

खटपट्या
रुंदी-उंची किती? गाळ्याच्या आत बसवलाय की बाहेर भिंतीवर? चेन कुठल्या बाजूला? किती मिमी सरकतोय? हे कळल्याशिवाय सगळे हवेत बाण.

हातोडी
एवढं काही नाही त्यात. पूर्ण खाली सोडा, ट्यूब उघडी पडेल, डाव्या टोकाला मास्किंग टेपचा तुकडा लावा. विषय संपला.

पाणसळ
उलटं सांगताय. टेप उजवीकडे. कापड ज्या बाजूला पळतंय त्याच्या विरुद्ध टोकाला लावायची. टेपमुळे तिथे ट्यूब किंचित जाड होते आणि कापड जाड बाजूकडे ओढलं जातं. मशीनच्या पुलीला मधे फुगवटा ठेवतात तो याचसाठी, पट्टा मध्यावर राहावा म्हणून. आणि टेप हा शेवटचा उपाय. आधी ब्रॅकेट एका रेषेत आहेत का ते बघा.

हातोडी
जाड बाजूला वेढा मोठा होणार, म्हणजे कापड तिथून दूर ढकललं जाणार ना?

पाणसळ
ढकलायला तिथे काही नाही. एक तुकडा लावून एकदा वर घ्या, दोन मिनिटांचा प्रयोग आहे.

बटणदाबे
या चेनच्या भानगडीतच पडू नये. बॅटरीची मोटर ट्यूबच्या आत सरकवायची, वरची-खालची मर्यादा रिमोटने ठरवायची, चेन गायब. ट्यूबचा आतला व्यास सांगा, कुठलं अडॅप्टर लागेल ते सांगतो.

खटपट्या
वाकडा पडदा मोटरनेही वाकडाच गुंडाळला जाईल, फक्त बटण दाबून.

खिडकीतली_चिमणी
रुंदी १५०, उंची २१०, सेंमीमध्ये. बाहेर भिंतीवर, खिडकीच्या वर. चेन डावीकडे. वर पोचेपर्यंत साधारण १२ मिमी सरकतो. लेव्हल मोबाइलवर बघितली, बरोबर आहे.

पाणसळ
मोबाइल कशावर ठेवून बघितलात? ब्रॅकेटच्या इवल्याशा कडेवर तो टेकतही नाही. शिवाय मागे कॅमेऱ्याचा उंचवटा, वर कव्हर. खिडकीच्या चौकटीपासून माप घेतलं असेल तर तेही सोडा, चौकट स्वतःच तिरकी असू शकते. लांब पाणसळ ट्यूबवर धरा, बुडबुडा बघा, मग पाणसळ उलटी फिरवून परत बघा. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच ठिकाणी आला तरच त्या पाणसळीवर भरवसा. नसेल तर गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, तीन मीटर, आत पाणी, एकही बुडबुडा नको. दोन्ही टोकं दोन ब्रॅकेटपाशी धरून पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खुणा करा आणि खुणेपासून ब्रॅकेटच्या पिनेपर्यंत मोजा.

गुण्या_आणि_कानस
ताई, दुसरी तपासणी: पडदा पूर्ण सोडा आणि खालची पट्टी आडवी आहे का बघा. ट्यूब आडवी पण पट्टी तिरकी, तर कापड ट्यूबवर तिरकं चिकटलंय. पट्टीही सरळ आणि तरी सरकतोय, तरच टेपकडे वळा. आणि एक प्रश्न. पडदा मापाचा आला होता की तुम्ही कापलात?

खिडकीतली_चिमणी
१८० चा होता, १५० ला कापला. त्याचा काय संबंध?

गुण्या_आणि_कानस
सगळा संबंध तिथेच आहे. ट्यूब बारीक दातांच्या करवतीने कापायची, तोंडाची धार कानशीने घासायची, नाहीतर ती टोकाची खिट्टी नीट बसू देत नाही आणि ट्यूब फिरताना डुगडुगते. कापडाला गुण्या लावून काटकोन धरायचा. छोट्या गुण्यावर दोन मीटरची रेघ भरवशाची नसते, म्हणून जमिनीवर पसरून वरच्या कडेवर ९० सेंमी, बाजूच्या कडेवर १२० सेंमी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर १५० आलं तर कोन खरा. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, सारखे हवेत. कापड कात्रीने कापू नका, फिरत्या पात्याचा कटर आणि लोखंडी पट्टी वापरा. धागे निघतायत त्यात कात्रीचाही हात असणार.

साशंक
अवांतर: घरात लहान मूल असेल तर चेन लोंबती ठेवू नका. गळ्यात अडकते. भिंतीवर टेन्शनर लावून चेन ताणून बसवा. 

हातोडी
टेन्शनर म्हणजे अजून एक भोक. गुंडाळून खिळ्याला अडकवली तर काय बिघडलं?

साशंक
बिघडतं. रोज अडकवणार कोण? एक दिवस विसरलं की लूप मोकळाच.

बटणदाबे
म्हणूनच म्हटलं, मोटर.

खिडकीतली_चिमणी
नळीने मोजलं. डावं ब्रॅकेट ५ मिमी खाली आहे!! लावताना नक्की सरळ होतं. खालची पट्टीही किंचित तिरकी आहे, ३-४ मिमी. आता?

पाणसळ
हिशोब जुळतो. १५० सेंमीला ५ मिमी उतार, म्हणजे २१० सेंमी गुंडाळताना साधारण ७ मिमी सरकणार, आणि तोही खालच्या बाजूकडे. उरलेले ५ मिमी कापडाच्या तिरकेपणाचे. दोन दोष एकाच दिशेला आलेत, म्हणून इतकं दिसतंय. खरा प्रश्न हा की लावताना सरळ असलेलं ब्रॅकेट उतरलं कसं. चेन त्याच बाजूला आहे, प्रत्येक ओढीचा झटका त्यालाच. गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतो तो प्लास्टिकचा तुकडा) कितीची घातलीत?

खिडकीतली_चिमणी
सोबत आलेली, ३० मिमीची. डावीकडे ड्रिल २० मिमीच्या पुढे जाईना म्हणून स्क्रू थोडे कापून लहान केले.

खटपट्या
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर सगळ्यांची दुपार वाचली असती. :)

पाणसळ
गिलावा १५-२० मिमी असतो. म्हणजे तुमचं ब्रॅकेट फक्त गिलाव्यात उभं आहे, त्याला ओढ सोसत नाही. ड्रिल अडलं कारण आत लिंटेल आहे, म्हणजे खिडकीवरची आडवी काँक्रीटची तुळई. साधं ड्रिल तिथे नुसतं फिरत राहतं आणि बिट तापून निळं पडतं. रोटरी हॅमर लागेल, म्हणजे फिरताना ठोकेही मारणारं ड्रिल. त्याच भोकात ८ मिमीचं बिट घालून ६० मिमी खोल जा. गिलाव्यात ठोका बंद, काँक्रीट लागलं की चालू, नाहीतर गिलाव्याचा पोपडा निघतो. बिटावर ६० ला चिकटपट्टीची खूण करा. भोकातली भुकटी फुंकून काढा, भुकटीत गिट्टी धरत नाही. ८ × ५० ची गिट्टी पार काँक्रीटपर्यंत ठोका आणि ६० मिमीचा स्क्रू घ्या. मधेच टणक आवाज येऊन ड्रिल थबकलं तर सळई आहे, जोर लावू नका, २५-३० मिमी बाजूला घ्या. ब्रॅकेट सरकवलं तर दुसरंही तेवढंच सरकवायचं, दोघांतलं अंतर बदलता कामा नये.

हातोडी
८ ची गिट्टी पडद्याला? ६ ची भरपूर.

पाणसळ
वजनाला ६ ची पुरते. पण जुनं भोक हलून मोठं झालंय, त्यात ६ ची गोल फिरत राहील.

गुण्या_आणि_कानस
ब्रॅकेट झालं की कापड. ट्यूब उतरवा: आधी खिट्टीची बाजू दाबून सोडवायची, मग चेनची. ट्यूबवर लांबीच्या दिशेने एक सरळ रेघ मारा. त्यासाठी ट्यूब टेबलावर ठेवून दाराच्या चौकटीसारख्या काटकोनी पट्टीला टेकवा आणि पट्टीच्या कडेने पेन्सिल ओढा. कापडाची वरची कड त्या रेघेवर दुहेरी टेपने चिकटवा. मधून सुरुवात करून दोन्हीकडे जा. एका टोकापासून गेलात की कापड ताणलं जाऊन परत तिरकं. पडदा पूर्ण सोडल्यावरही एक-दीड वेढा ट्यूबवर राहिला पाहिजे, म्हणजे टेपवर भार येत नाही.

खिडकीतली_चिमणी
हॅमर आणून डावं ब्रॅकेट नव्याने लावलं, नळीने सरळ. आता फक्त ५ मिमी सरकतो आणि घासत नाही. कापड सोडवून परत चिकटवायचा धीर आज नाही. टेप चालेल का? उजवीकडे, बरोबर?

पाणसळ
५ मिमीला चालेल. उजवीकडेच. २५ मिमी रुंद टेपचा ६-७ सेंमी तुकडा, ट्यूबवर, कापडाच्या कडेलगत, एकच थर. वर घेऊन बघा, गरज पडली तरच त्यावर दुसरा. चार थर लागले तर समजा कापडच परत चिकटवायला हवं. जास्त थरांनी त्या टोकाला कापडावर सुरकुती उमटते.

खिडकीतली_चिमणी
दोन थरांत २ मिमीवर आला. पट्टी अजून तिरकी दिसते, पण सोफ्यामागे जाते. कात्रीने कापलेल्या कडेचं काय करू?

गुण्या_आणि_कानस
लोंबणारे धागे ओढू नका, बारीक कात्रीने मुळाशी कापा आणि कडेवर कापडाच्या गोंदाचा अगदी पातळ हात द्या. जाड थर दिलात तर कडेची गुंडाळी फुगेल आणि पडदा परत पळायला लागेल.

बटणदाबे
आतला व्यास मात्र अजून कळला नाही.