सोलापुरात घरामागच्या अंगणात हॉट टब: काय बघून घ्यायचा?

मागचं_अंगण
जुळे सोलापूरला घरामागं 20 बाय 15 फूट मोकळी जागा आहे, जमीन काळी. चार माणसं गरम पाण्यात बसतील असा टब हवाय. दुकानात तीन प्रकार दाखवले: हवा भरायचा, ऍक्रिलिकचा, आणि 'जकुझी बाथटब' म्हणून एक, जो सगळ्यात स्वस्त पडतो. नळाला रोज पाणी नाही, बोअर आहे. गीझरचा कॉइल वर्षभरात पांढराफटक होतो. सिंगल फेज, मंजूर भार 5 किलोवॉट. कुठला घ्यावा? गच्चीवर ठेवला तर चालेल का? आणि एप्रिल-मेमध्ये त्याचं करायचं काय?

मुरूम_आणि_खडी
तो स्वस्तातला आधी यादीतून काढा. ते बाथरूमचं भांडं आहे. भरायचं, अंघोळ करायची, सोडून द्यायचं. त्याला ना फिल्टर, ना झाकण, ना पाणी सतत फिरवणारा पंप. तुमच्याकडं रोज हजार लिटर कुठून आणणार? अंगणात ठेवायच्या टबात तेच पाणी तीन-चार महिने राहतं, हा मूळ फरक. दुकानदार दोन्हीला जकुझीच म्हणतो, म्हणून विचारायचं एवढंच: "फिल्टरचं कार्ट्रिज काढून दाखवा."

गच्चीचा विचार सोडा. दोन मीटर बाय दोन मीटरचा टब साधारण 300 किलो, पाणी 1100, चार माणसं 300. झाले 1700 किलो, म्हणजे चौरस मीटरला सव्वाचारशे. घराची गच्ची आयएस 875 (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणं चौरस मीटरला 150 किलो वापराच्या भारासाठी धरतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं गणित करून सही दिली तर गोष्ट वेगळी.

खाली ठेवायचा तर खरी अडचण काळ्या मातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या मातीवर फरशी टाकली तर दोन पावसाळ्यांत एक कोपरा उचलतो, टबाचं अंग पिळतं आणि खालच्या युनियन (पाइपांचे सांधे) गळायला लागतात. गळकं पाणी त्याच कोपऱ्यात मुरतं, माती आणखी फुगते. म्हणून निदान दोन फूट माती काढा, टबाच्या चारी बाजूंनी फूटभर जास्त. काळी माती खोल असेल तर आणखी खाली जावं लागेल. मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात, पाणी मारून, धुमसून भरा. त्यावर तीन इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), वर पाच इंच आरसीसी, 8 एमएमचे बार आडवे-उभे दोन्ही दिशांनी सहा इंचावर. 8 बाय 8 फुटाच्या या स्लॅबला एम20 (नेहमीच्या स्लॅबच्या ताकदीचं) काँक्रीट धरलं तर सहा पोती सिमेंट लागतं. वरचा पृष्ठभाग पाणसळीत हवा, उतार नको. उतार आजूबाजूच्या फरशीला द्या, आणि टब रिकामा करायचा पाइप स्लॅबपासून लांब न्या.

अजून एक. टब आणताना कडेवर उभा करून आणतात, त्यामुळं बोळ 1 मीटरचा आणि वर अडीच मीटर मोकळं हवं. वर वायर किंवा सज्जा आडवा येत असेल तर हायड्रा (फिरती क्रेन) लावून कंपाउंडवरून उतरवावा लागतो. ते भाडं कोण देणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. आणि हौसेनं चारी बाजूंनी कट्टा बांधू नका. ज्या बाजूला पंप आहे तिथं दोन-अडीच फूट जागा नसेल तर साधा सील बदलायला कट्टा फोडावा लागतो.

फेज_न्यूट्रल
3 किलोवॉटचा हीटर 13 अँपिअर घेतो, 2 एचपीचा पंप 9 च्या आसपास. दोन्ही एकदम चालले तर 22. म्हणजे मीटरपासून स्वतंत्र 6 चौरस मिमी तांब्याची वायर, 32 चा एमसीबी, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच). यातलं बाकी काही मागंपुढं चालेल, आरसीसीबीशिवाय मात्र चालणार नाही. स्विच टबातून हात पोचणार नाही इतका लांब, दोन मीटर तरी, पण नजरेसमोर. अर्थिंग वेगळं घ्या. आपल्याकडच्या कोरड्या मुरमात उन्हाळ्यात अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो, खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं.

5 किलोवॉटच्या मंजूर भारात टब आणि एसी एकत्र लागला की संपलं. महावितरणकडं आधी भार वाढवून घ्या, जमलं तर थ्री फेज.

विकणारा "पाच एचपी, साठ जेट (पाण्याचा झोत मारणारी तोंडं)" सांगेल. प्लेटवरचे अँपिअर वाचा. 9 अँपिअर घेणारा पंप पाच एचपीचा असूच शकत नाही. प्लेटवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ हवं. 60 हर्ट्झचा अमेरिकी माल इथं चालवला तर पंप सहाव्या हिश्शानं हळू फिरतो आणि जेट मिळमिळीत लागतात. संध्याकाळी व्होल्टेज 200 वर आलं तर 3 किलोवॉटचा हीटर सव्वादोनवरच चालतो, हेही धरून चाला.

बिलाचं गणित सोपं आहे. हजार लिटर पाणी 1 अंश तापवायला 1.16 युनिट. 25 वरून 38 ला न्यायला 15 युनिट, पाच तास. नंतर रोजचा खर्च झाकणावर. रात्री हीटर बंद करून झाकण लावा, सकाळी किती अंश उतरले ते बघा. चार उतरले तर तेवढे साडेचार युनिट.

क्षारवाला
गीझरचा कॉइल पांढरा होतो म्हणताय, तर टबाचा हीटर त्याच वाटेनं जाणार. पाण्याचा हार्डनेस (जडपणा) 150 ते 250 पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम, हवा. थेंबांचं किट आणून मोजा. समजा बोअरचं 600 आलं: एक भाग बोअर आणि दोन भाग सॉफ्टनरचं पाणी मिसळलं की 200. नुसतं सॉफ्टनरचं भरू नका, ते हीटरचा धातू खातं.

पीएच 7.2 ते 7.8. जेटची हवा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडवते म्हणून पीएच आपोआप चढतो, आणि चढला की क्षार सगळ्यात आधी तापलेल्या कॉइलवर बसतात. अल्कलिनिटी (पीएचला आवरणारी क्षारता) 80 पीपीएमच्या आसपास ठेवली तर हा त्रास कमी. कॉइल साफ करायला लिंबूसत्व वापरा. संडासचं ऍसिड स्टेनलेसला भोकं पाडतं.

क्लोरीन 3 ते 5 पीपीएम, त्याखाली नको. कोमट पाण्यात लेजिओनेला (न्यूमोनिया करणारा जिवाणू) वाढतो. सोडियम डायक्लोर (क्लोरीनची दाणेदार पावडर) 5 ग्रॅम टाकली तर हजार लिटरला जवळपास 3 पीपीएम मिळतं. ब्लीचिंग पावडर टाकली तर कॅल्शियम वाढतं, स्विमिंग पूलच्या ट्रायक्लोर गोळ्या ऍक्रिलिक खराब करतात. आणि एकाचा चमचा दुसऱ्याच्या डब्यात कधीच नाही. ब्लीचिंग पावडर आणि डायक्लोर एकत्र आले तर स्फोट होतो.

केसाला खोबरेल लावून कुणालाही आत सोडू नका. दोन दिवसांत पाण्याच्या रेघेवर चिकट काळी किनार धरते आणि कार्ट्रिज तुंबतं. कार्ट्रिज आठवड्याला पाइपानं धुवायचं.

मागचं_अंगण
आणि उन्हाळा? सॉफ्टनरच्या नादात तो राहिलाच.

मुरूम_आणि_खडी
उन्हाळ्यासाठीच सांगतो, उष्णता धरून ठेवायला अंगात पूर्ण फोम भरलेला टब घेऊ नका. तो थंड देशासाठी चांगला. इथं मेमध्ये हीटर बंद ठेवला तरी पंपाच्या उष्णतेनं पाणी चाळिशी ओलांडतं. बाजूचे पॅनल काढून वारा खेळवता येईल असा बघा.

फेज_न्यूट्रल
अर्धंच पटतं. फोम कमी केला तर डिसेंबर-जानेवारीत बिल वाढतं, आणि वापर तेव्हाच जास्त असतो. पंपाचा टायमर पहाटे दोन तास, रात्री दोन तास ठेवला तर फोमवाल्यालाही निभतं. वर शेड मात्र हवीच, झाकणही त्यामुळं टिकतं. रात्री झाकण उघडून ब्लोअर (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा पंखा) चालवा: कोरड्या हवेत 9 लिटर पाणी उडालं की हजार लिटर 5 अंशांनी उतरतं. तेवढं पाणी दुसऱ्या दिवशी परत घाला.

क्षारवाला
दोन महिने वापरायचा नाही म्हणून उन्हात रिकामाही ठेवू नका. कोरडं ऍक्रिलिक तापून फुगे धरतं. हवा भरायचा असेल तर मात्र रिकामा करून, वाळवून, घडी घालून ठेवा. बाभळीचा काटा आणि उंदीर दोन्हींपासून लांब. पहिला हिवाळा तोच वापरून बघायचा असेल तरी हरकत नाही, फक्त तो तासाला एक-दीड अंशानंच तापतो, म्हणजे संध्याकाळी बसायचं तर सकाळीच चालू करायचा. छतावर सोलर वॉटर हीटर असेल तर 60 अंशाचं 300 लिटर त्यातून आणि 25 चं 700 लिटर घाला, सुरुवातच साडेपस्तीसला होते.

पाणी बदलताना झाकण दोन-तीन दिवस उघडं ठेवा, तपासणीच्या रंगपट्टीवर क्लोरीन 1 पीपीएमच्या खाली आलं की नारळाला, कडुनिंबाला सोडा. भाजीच्या वाफ्याला नको.